बंदी घालण्याआधी संडास बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक म्हणजे राऊतवाडी, बर्की, आंबा घाटाकडं पर्यटकांची झुंबड, बाटल्यांचा खच, हुल्लडबाजी, ट्रॅफिक जाम. आणि चार दिवसांनी दुसरी, की अमुक धबधब्यावर जायला बंदी. यंदापण तेच चाललंय. आणि मग घराघरात चहा पिता पिता सगळे म्हणतात बरं झालं, बंदच करायला पाहिजे, पब्लिकची लायकीच नाही. मला या बंदीबद्दलच लिहायचंय, पण त्यासाठी मधे थोडं फिनलंडचं सांगणार आहे. परदेशात जाऊन आली आणि लगेच शहाणपण शिकवायला लागली असं कुणाला वाटलं तर वाटू दे, पत्र शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

मी कोल्हापुरातच इंजिनिअरिंग करते. एक सेमिस्टर एक्स्चेंजवर तुर्कूला होते. तुर्कू म्हणजे फिनलंडचं सगळ्यात जुनं शहर, देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात, आणि त्याच्या समोरच्या समुद्रात बेटांचा नुसता सडा पडलाय. लहानसहान खडक धरले तर चाळीस हजारांच्या पुढं जातात म्हणे. सेमिस्टर संपल्यावर जूनमध्ये कॉमन किचनमधली आमची गँग, म्हणजे एक फिनिश मैत्रीण, एक जर्मन पोरगा, एक स्पॅनिश पोरगी आणि मी, असे टेंट घेऊन बेटांवर गेलो. बसनं पुलावरून पुढं, मग पिवळ्या फेरीबोटीनं नाउवो बेटावर. या पिवळ्या फेरीला तिकीट नाही, गाडी असू दे नाहीतर चालत या, कारण सरकारच्या हिशोबात ती रस्त्याचाच भाग आहे, जिथं पूल नाही तिथं रस्ता तरंगतो एवढंच. तिथनं पार्नाइनेनच्या धक्क्यावर छोटं जहाज पकडून युर्मो नावाच्या बेटावर.

युर्मो बघून मला पहिल्यांदा पन्हाळ्याजवळचं मसाई पठारच आठवलं, खरंच. झाडं अगदी थोडी, सगळीकडं खुरटी झुडपं, वारा, आणि मधनं हिमयुगातल्या बर्फानं आणून टाकलेली दगडगोट्यांची लांबच्या लांब रास. बेटावर कायमची राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, एक छोटं लाकडी चर्च, मेंढ्या. रात्री अकराच्या सुमारास सूर्य बुडतो आणि चारच्या आसपास परत वर येतो, मधल्या वेळात अंधार असा होतच नाही, संधिप्रकाशासारखं काहीतरी असतं. मला झोप लागायची नाही, डोळ्यावर ओढणी बांधून झोपायचे.

आता मुद्द्याचं. जायच्या आधी मी त्या फिनिश मैत्रिणीला विचारत होते की परमिशन कुणाची काढायची, फॉर्म कुठं भरायचा, आधार कार्डच्या ऐवजी पासपोर्ट चालेल का. ती बघतच राहिली माझ्याकडं. कारण फिनलंडमध्ये नियमच असा आहे की जंगल, माळ, समुद्रकाठ कुणाच्याही मालकीचा असला तरी कुणीही तिथनं चालत जाऊ शकतो, एखाददुसरी रात्र टेंट टाकू शकतो, ब्लूबेरी मशरूम गोळा करू शकतो, साध्या गळानं मासे पकडू शकतो, मालकाला विचारायला लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. नागरिक असायला पाहिजे असंही नाही, माझ्यासारखी कोल्हापूरची पोरगीसुद्धा चालते. हे एका कायद्यात लिहिलेलं नाहीय, जुनी रीत आहे आणि वेगवेगळ्या कायद्यांनी तिला कुंपण घातलंय.

आणि कुंपण चांगलं दणकट आहे बरं का. कुणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, घरापासनं लांब टेंट लावायचा. झाड तोडायचं नाही, पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास द्यायचा नाही, गाडी रस्ता सोडून माळावर घालायची नाही. शेकोटी मालकाला विचारल्याशिवाय अजिबात नाही, आणि वणव्याचा इशारा लागला असला तर मालकानं हो म्हटलं तरी नाही. नॅशनल पार्क असेल तिथं नियम अजून कडक, टेंट सहसा ठरवून दिलेल्या जागीच, जाळ पण ठरलेल्या जागीच. तिथला बेटांचा नॅशनल पार्क १९८३ साली झालाय आणि त्यातल्या काही बेटांवर पक्षी अंडी घालतात त्या काळात पाऊलसुद्धा ठेवता येत नाही. शेजारच्या ऑलंड बेटांवर, जो फिनलंडचाच स्वायत्त भाग आहे, तिथं तर टेंट टाकायला मालकाची परवानगीच लागते. म्हणजे तिकडं बंदी नाही असं माझं म्हणणं नाही. बंदी आहेच, पण ती ठरावीक जागेला, ठरावीक महिन्यांना आणि कारण सांगून. सगळं उघडं ठेवून नेमकं जे नाजूक आहे ते बंद. आपल्याकडं आधी कशालाच काही नियम नसतो आणि मग एका आठवड्यात सगळंच बंद होतं.

आम्ही गेलो तेव्हा वणव्याचा इशारा लागलेला होता त्यामुळं शेकोटी कॅन्सल, सगळा स्वयंपाक छोट्या स्टोवर. पहिल्या रात्री मी बटाट्याचा रस्सा केला, आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला घालून, जर्मन पोराच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी, तरी भांडं पुसून खाल्लं पठ्ठ्यानं. पाणी मात्र सोबत न्यायला लागतं. बाल्टिकचं पाणी आपल्या कोकणातल्या समुद्राइतकं खारट नाही, बरंच मचूळ आहे, पण पिता येत नाही ते नाहीच.

आणि संडास. मला याच्यावरच जास्त लिहायचंय, तुम्हाला चालत नसेल तर कापा, पण कापू नका.

टेंटच्या जागेपासनं थोड्या अंतरावर लाकडी खोपटं, आत लाकडी बैठक, झाकण, शेजारी बादलीत पीट, म्हणजे दलदलीत कुजलेल्या शेवाळाची वाळवलेली माती, आणि लाकडाचा भुसा, आणि एक डाव, म्हणजे मोठी पळी. झालं की एक डाव भुसा टाकायचा, झाकण लावायचं, संपलं. पाणी नाही, फ्लश नाही, पाइप नाही. वास? थोडा असतो, खोटं कशाला बोलू, पण आपल्या एसटी स्टँडवरच्या संडासाशी तुलना केली तर काहीच नाही. त्यातल्या बहुतेक बेटांवर खाली अखंड खडक असतो, खड्डा खणायचा म्हटलं तरी जमणार नाही, म्हणून मैला खाली टाकीत साठतो, भुशामुळं कोरडा पडतो आणि नंतर त्याचं खत होतं. हे सगळं बघणारं एक सरकारी खातं आहे, मेत्साहालितुस नावाचं, आपल्या वनखात्यासारखंच. नॅशनल पार्कात जायला तिकीट नसतं, खर्च सरकार करतं.

आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यात पन्हाळा ते पावनखिंड एवढी मोठी मोहीम दरवर्षी जुलैमध्ये होते. मी पण गेलेय. राज्यभरातनं पोरं-पोरी येतात, बाजीप्रभूंचं नाव घेत चिखल तुडवत जातात, फार भारी वाटतं. पण पोरींना विचारा, त्या रस्त्यात पाणी का पीत नाहीत. घसा कोरडा पडला तरी पीत नाहीत, कारण पाणी प्यालं की जायला लागणार आणि जायला जागा नाही. एवढ्या पावसात, एवढ्या लोकात, झुडूप शोधत फिरायचं. माझी एक मैत्रीण या एकाच कारणासाठी परत कधी आली नाही. हे कुठल्या बातमीत येत नाही. बातमीत बाटल्या येतात कारण बाटल्यांचा फोटो काढता येतो.

आणि वाड्यावस्तीवरच्या लोकांचा विचार करा. त्या मोहिमेत वाटेवरच्या वाड्यांमधली माणसं अजूनही लोकांना घरात घेतात, शाळेत नाहीतर देवळात झोपायला जागा देतात, पिठलं-भाकरी करून वाढतात. कुणाच्याही बांधावरनं जा, कुणी अडवत नाही. फिनलंडमध्ये जे हक्क म्हणून मिळतं ते आपल्या डोंगरातल्या माणसानं न मागता दिलेलंच आहे की, कागदावर नव्हतं एवढंच. पण हे कशावर टिकतं? माणूस येऊन गेल्यावर सकाळी त्याची काही खूण राहिली नाही तर परत येणाऱ्याला कुणी अडवत नाही. आणि भाताच्या खाचरात दारूच्या बाटलीची काच पायात घुसली, विहिरीच्या वरच्या अंगाला कुणीतरी घाण करून गेलं, की पुढच्या वर्षी तोच माणूस बांधावर काटेरी तार ओढतो, आणि बरोबरच करतो तो.

बाटल्यांचं पण सांगते. फिनलंडमध्ये कॅन घेतला की त्यावर १५ सेंट डिपॉझिट कापतात, प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीवर ४० सेंट, आणि रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. दहातल्या नऊच्या वर परत येतात. आमच्या स्पॅनिश मैत्रिणीला तर त्याचं वेडच लागलेलं, दुसऱ्यांनी टाकलेले कॅन शोधत फिरायची आणि त्यावर आईस्क्रीम खायची. बेटांवर कचऱ्याचा डबा बहुतेक ठिकाणी नसतोच, आणलं ते परत घेऊन जायचं. होडीवाल्यांसाठी १९६९ पासून एक संस्थाच काम करते, पिदा सारिस्तो सिस्तिना म्हणून, तिची कचरा टाकायची आणि होडीतली संडासाची टाकी रिकामी करायची ठिकाणं बेटांच्या भागात ठिकठिकाणी आहेत, होडीवाले वर्गणी देतात आणि होडीला तिचा स्टिकर लावतात.

आता कुणीतरी म्हणणार की तिकडची लोकं वेगळी, संस्कार वेगळे, आपल्याकडं जमणार नाही. या वाक्याचा मला वैताग आलाय. फिनलंड राहू दे बाजूला, निलगिरीचं घ्या. उटी, कुन्नूर, आपल्यासारखीच दंगा करणारी पब्लिक तिथं पण जाते. तिथं २०२२ पासून सरकारी दारू दुकानातनं बाटली घेतली की दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी परत आणली की देतात. हायकोर्टानं खडसावल्यावर सुरू झालं, पण झालं. आणि आपल्या महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा पाण्याच्या बाटलीवर डिपॉझिट घेऊन परत घ्यायचं ठरलेलं की, कुणाला आठवतंय का? मला तरी आजपर्यंत एकाही दुकानदारानं रिकाम्या बाटलीचा रुपया परत दिलेला नाही. म्हणजे नियम काढलेला, यंत्रणा नाही उभी केली. मग लोकांच्या संस्काराला शिव्या कशाला?

आणि तिकडं सगळं स्वर्ग आहे असंही डोक्यातनं काढून टाका. बाल्टिक समुद्राची अवस्था वाईट आहे. उन्हाळ्यात ऊन तापलं आणि वारा पडला की पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ चढतं, विषारी असू शकतं, कुत्रा प्यायला तर मरू शकतो. आम्ही एका संध्याकाळी पोहायला उतरणार होतो तर मैत्रिणीनं आधी काठी घेऊन पाणी ढवळलं, काठीला दोऱ्यासारखं लोंबलं तर साधं शेवाळ, आणि काठीला न चिकटता नुसता चुरा झाला तर ते वाईट शेवाळ, बाहेरच थांबायचं. कारण काय याचं, तर शेतातलं खत. नत्र आणि फॉस्फरस पावसानं वाहून समुद्रात जातो. समुद्र उथळ, बाहेरच्या महासागराशी पाण्याची अदलाबदल अगदी सावकाश, त्यामुळं एकदा गेलेलं वर्षानुवर्षं तिथंच. आता ते किनाऱ्याकडच्या शेतात जिप्सम टाकतायत, त्यानं फॉस्फरस मातीत धरून राहतो. हे ऐकून मला रंकाळाच डोळ्यासमोर आला, तो हिरवागार झालेला, आणि पंचगंगेतलं केंदाळ. आपल्या उसाला किती खत पडतं आणि किती नदीत जातं हे नरसोबावाडीपर्यंतच्या कुठल्याही माणसाला विचारा. म्हणजे एवढी स्वच्छ कॅम्पिंग करणारी माणसं पण समुद्र घाण करतातच, फक्त ते टेंटमधनं नाही, शेतातनं. आपण धबधब्यावरच्या पोरांना धरतो, नदीत सोडणाऱ्यांना धरत नाही, ते वेगळंच पत्र होईल.

गोचिडांचं एक राहिलं. तिकडच्या बेटांवर गोचिडं खूप, आणि त्यांच्यापासनं मेंदूज्वर होऊ शकतो, त्याची लस मिळते, ऑलंडच्या लोकांना तर ती सरकारच मोफत देतं. आम्ही रोज झोपायच्या आधी एकमेकींचे पाय, मान, कानामागं तपासायचो. जवळजवळ त्याच कुळातला विषाणू आपल्या शेजारी पण आहे, माकडताप! २०१६ ला दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली होती, आणि तो पण गोचिडांमुळंच पसरतो. चंदगड, तिल्लारीकडं आपली पोरं बिनधास्त टेंट टाकून झोपतात, हाफ पँटवर. तिथं गोचिडांबद्दल सावध करणारा एक बोर्ड मी अजून बघितलेला नाही. 'सेल्फी पॉइंट' चे मात्र तीन-चार बघितलेत.

तर माझं म्हणणं काय. राधानगरी अभयारण्य १९५८ पासनं आहे, राज्यातलं पहिलं, आणि २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत पण आलं. आपल्याकडं बघण्यासारखं आहे म्हणूनच लोक येतात, आणि गाडीवाला, मक्याचं कणीस भाजणारी बाई, चहावाला यांचं वर्षाचं गणित त्या दोन महिन्यांवर असतं. बंदी लागली की पहिला फटका त्यांना बसतो, मुंबई-पुण्यातनं आलेला माणूस काय, दुसऱ्या धबधब्याकडं गाडी वळवतो आणि तिथं घाण करतो. मसाई पठारासारख्या जागी पावसाळ्यात फुलं येतात, तिथं टेंट आणि गाड्या नकोतच, ते कायमचं सांगून टाका, मी स्वतः सपोर्ट करीन. पण त्या बदल्यात खाली गावाजवळ चार जागा ठरवून द्या, की इथं टेंट लावा, इथं चूल पेटवा, इथं गाडी लावा.

आणि तिथं कोरडे संडास बांधा. पीट आपल्याकडं नाही, पण बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आहे ना! अख्ख्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळावर चिपाडं पडलेली असतात, बारीक करून वाळवून पोत्यात भरून ठेवली तर भुशाचं काम करतील असं मला वाटतं, निदान करून तरी बघा. गगनबावड्याकडच्या पावसात साधं खोपटं टिकणार नाही हे मलापण कळतं, बैठक जमिनीपासनं उंच घ्यायला लागेल, टाकीत पावसाचं पाणी शिरणार नाही असं छप्पर लागेल, आणि भुसा कोरडा ठेवायला झाकणाचं पिंप. आमच्या कॉलेजातल्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून दिलं तर एका सेमिस्टरमध्ये डिझाइन करून देतील, नाहीतर दरवर्षी तीच ऑटोमॅटिक दाराची मॉडेलं बनवत बसतात.

पैसे कुठनं येणार हा प्रश्न पण मला माहितीय. बऱ्याच ठिकाणी वनखात्याच्या आणि गावच्या वन समित्या गाडीमागं, माणसामागं उपद्रव शुल्क घेतातच की. पावती देतात. त्या पैशातनं गावातल्याच दोन बायकांना किंवा दोन पोरांना पगार द्या, भुसा भरायचा, टाकी बदलायची, बाटल्या मोजून घ्यायच्या. आणि तो पगार वेळेवर द्या. तिकडचं सगळं बघून मला एवढंच समजलं की त्या खोपटात बादली भरलेली असते कारण ती भरायचं काम कुणाच्यातरी नावावर लिहिलेलं असतं. आपल्याकडं खोपटं बांधायचं उद्घाटन होईल, फोटो येईल, आणि बादली भरायची कुणी हे ठरलेलंच नसेल. संडास बांधा म्हणतेय मी, पण खरंतर बांधण्यापेक्षा ते बादलीचं आधी ठरवा.

संपादक साहेब, बंदीच्या आदेशात कधीपासून कधीपर्यंत ही तारीख असते, दंड किती ते असतं. त्या मधल्या काळात तिथं काय बांधणार, कुणाकडनं, किती पैशात, हे कधीच नसतं. पुढच्या वेळी बंदीची प्रेस नोट आली की तुमच्या वार्ताहरानं साहेबांना एवढं विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर उत्तर आलं नाही असंच छापावं.

आपली,
एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. : माझं नाव छापू नका. माणसं चार आणि टेंट दोनच होते हे घरी अजून सांगितलेलं नाही.